सरकारी प्राथमिक शाळेचा निधी गावापर्यंत कसा आणावा: गोव्यातील पालकांसाठी मार्गदर्शन

आमच्या वाड्यावरील सरकारी प्राथमिक शाळेत एका वर्षी एकतीस मुले बसत होती आणि सरकारी नोंदीत मात्र तीसच होती. एकतिसावी मुलगी जुलैमध्ये दाखल झाली होती. तिचे वडील गवंडीकामासाठी सीमेपलीकडून आले होते. बाईंनी तिला त्याच दिवशी वर्गात बसवले, जनरल रजिस्टरमध्ये तिचे नाव घातले, तिला पुस्तके दिली, दुपारच्या आहारात तिचा वाटाही ठेवला. परंतु तिच्या जुन्या शाळेने ऑनलाइन प्रणालीतून तिचे नाव सोडले नव्हते, त्यामुळे ते आमच्या शाळेकडे वळते झाले नाही, आणि ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नाही. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत तीसपर्यंत पट असलेल्या सरकारी शाळेला वार्षिक संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये आहे आणि एकतीस ते शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला २५,००० रुपये आहे. एका मुलीची नोंद राहिली आणि शाळेचे पंधरा हजार रुपये गेले. मी त्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते, त्यामुळे त्या चुकीची जबाबदारी माझीही होती, आणि त्यानंतर शाळेचा पैसा कोणत्या वाटेने येतो हे मी नेटाने शिकून घेतले. जे शिकले ते गोव्यातील इतर पालकांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निधी कोठून येतो

गोव्यात प्राथमिक स्तरावर सरकारी शाळा मोठ्या संख्येने आहेत, तर माध्यमिक स्तरावर खाजगी संस्थांच्या अनुदानित शाळांचे प्रमाण अधिक आहे. मुक्तीपूर्वी खेड्यापाड्यांतील मराठी शाळा बहुतांशी गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि शिक्षकांच्या चिकाटीवर चालत होत्या. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर यांचे सरकार आल्यावर गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या आणि शाळेचा खर्च हा सरकारच्या अंदाजपत्रकाचा भाग झाला. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, शाळेसाठी निधी मागताना अनेक पालकांच्या मनात अजूनही संकोच असतो, जणू आपण कोणाकडे मेहेरबानी मागत आहोत. वस्तुतः सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देणे हे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाल्यापासून सरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्यात इमारत, शिक्षक, पुस्तके हे सर्व येते.

सरकारी प्राथमिक शाळेकडे येणाऱ्या पैशाचे ढोबळमानाने तीन प्रवाह आहेत. शिक्षकांचे वेतन आणि शाळा चालवण्याचा नित्याचा खर्च राज्य सरकार शिक्षण संचालनालयामार्फत करते. याचा पैसा शाळेच्या हातात येत नाही. दुसरा प्रवाह समग्र शिक्षा योजनेचा. २०१८-१९ मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण या तीन योजना एकत्र करून ती सुरू झाली आणि गोव्यात तिचा भार केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. वर उल्लेख केलेले संयुक्त शाळा अनुदान याच योजनेतील आहे. शंभरहून अधिक आणि अडीचशेपर्यंत पट असल्यास ते ५०,००० रुपये, त्यापुढे एक हजारपर्यंत ७५,००० आणि हजाराहून अधिक पटाला १ लाख रुपये असते, आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी ५,००० रुपयांपर्यंत आणि क्रीडा साहित्यासाठी ५,००० रुपयांपर्यंतची तरतूद निकषांत आहे. तिसरा प्रवाह दुपारच्या आहाराचा, म्हणजे पीएम पोषण योजनेचा. त्यात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरलेले आहे. गोव्यात हा आहार प्रामुख्याने महिला स्वयंसाहाय्य गट पुरवतात. या आहाराचा पैसा शाळेच्या इतर खर्चात मिसळत नाही, म्हणून त्याचा हिशेबही वेगळा ठेवावा.

या तीन प्रवाहांखेरीज ग्रामपंचायत, जिल्हा पंचायत, खासदारांचा स्थानिक क्षेत्र विकास निधी आणि खाणपट्ट्यातील गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी ही आणखी काही दारे आहेत. त्यांच्याविषयी पुढे छपराच्या संदर्भात लिहिले आहे, कारण ती दारे बहुधा इमारतीच्या कामासाठीच ठोठावावी लागतात.

३० सप्टेंबरपूर्वीची मोजणी

प्रत्येक शाळेला यूडायस प्लस या राष्ट्रीय प्रणालीत अकरा अंकी संकेतांक असतो. शाळेत किती मुले आहेत, किती शिक्षक आहेत, स्वच्छतागृहे किती आणि चालू स्थितीत किती, पिण्याचे पाणी आहे की नाही, कुंपण आहे की नाही, हे सर्व त्या नोंदीत भरले जाते आणि ३० सप्टेंबर ही तिची आधारतारीख मानली जाते. अनुदानाची रक्कम, शिक्षकांची मंजूर संख्या, नव्या वर्गखोलीचा प्रस्ताव, अशा प्रत्येक निर्णयात वरच्या कार्यालयात बसलेला अधिकारी शाळा पाहत नाही, तर तिची नोंद पाहतो. म्हणून वर्षातील पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे ही नोंद खरी आहे याची खात्री करणे होय.

आमच्या समितीने त्या प्रसंगानंतर एक रीत घालून घेतली आणि ती इतरांनीही घ्यावी, असे माझे मत आहे. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर पालक तसेही शाळेत जमलेले असतात. त्या दिवशी समितीतील दोन पालक आणि मुख्याध्यापक किंवा प्रभारी शिक्षक एकत्र बसतात. एकाने वर्गाच्या हजेरीपटातील नाव वाचायचे, दुसऱ्याने जनरल रजिस्टरमधील नोंदीवर बोट ठेवायचे, आणि शिक्षकाने संगणकावर किंवा मोबाईलवर तेच नाव प्रणालीत दाखवायचे. तिन्ही ठिकाणी नाव सापडले की पेन्सिलीने खूण करायची. तीस-चाळीस मुलांच्या शाळेत याला एक तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि ज्या नावापुढे खूण होत नाही त्या नावासाठी अजून दीड महिना हातात असतो.

खूण न होण्याची कारणे बहुतेक वेळा ठरलेली असतात. जुन्या शाळेने नाव सोडलेले नसते. अशा वेळी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून विनंती करावी, आणि काम होत नसेल तर भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला लेखी कळवावे. मुलाचे नाव एका ठिकाणी आडनावासह आणि दुसऱ्या ठिकाणी आडनावाशिवाय असते. किंवा पालकांकडे जन्माचा दाखला नसतो आणि ते घाबरून गप्प बसतात. येथे कायदा अगदी स्पष्ट आहे: वयाचा दाखला नाही या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला तरी नव्या शाळेतील प्रवेश थांबवता येत नाही. बांधकामावर, बागायतीत आणि मासेमारीच्या होड्यांवर काम करणाऱ्या कुटुंबांची मुले आज गोव्यातील अनेक सरकारी शाळांचा पट टिकवून धरत आहेत. त्यांच्या पालकांना हे हक्क कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवेत, आणि हे काम समितीइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही.

मुलांच्या नावांबरोबरच सुविधांच्या नोंदीही तपासाव्यात. दोन स्वच्छतागृहांपैकी एकाचा दरवाजा मोडलेला असताना नोंदीत दोन्ही चालू दाखवली असतील, तर दुरुस्तीच्या मागणीला कार्यालयातून कोणते उत्तर येईल ते उघड आहे. शाळेचे अहवालपत्रक संकेतांक टाकून कोणालाही ऑनलाइन पाहता येते, त्यासाठी परवानगी लागत नाही.

समिती आणि शाळा विकास आराखडा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे, आणि सरकारकडून किंवा इतर कोणाकडून मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कायद्याने सांगितलेली कामे आहेत. केंद्राच्या नमुना नियमांत अध्यक्ष व उपाध्यक्ष पालकांमधूनच निवडावेत, मुख्याध्यापक हे पदसिद्ध निमंत्रक असावेत आणि महिन्यातून किमान एक बैठक व्हावी, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही समिती सहीपुरती उरते. वर्षाअखेरीस इतिवृत्ताची वही घरोघरी फिरते, आई स्वयंपाकाच्या हाताने सही करते आणि वही पुढच्या घरी जाते. आपण कशावर सही केली हे तिला कोणी सांगत नाही, आणि तीही विचारत नाही. माझी सर्व माताभगिनींना कळकळीची विनंती आहे की, वही हातात आली की आधी ठराव वाचावा, मग सही करावी.

आराखडा हा निधी मागण्याचा मूळ कागद आहे. तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा उपआराखडा असतो. येत्या तीन वर्षांत प्रत्येक इयत्तेत किती मुले असतील, किती शिक्षक लागतील, कोणत्या भौतिक सुविधा कमी आहेत आणि त्या सर्वांसाठी किती पैसा लागेल, या चार गोष्टींची उत्तरे त्यात यावी लागतात. पटाचा अंदाज हवेत करू नये. गावातील अंगणवाडीच्या ताईंकडे पुढील तीन वर्षांत शाळेत येऊ शकणाऱ्या मुलांची यादी असते. ती घेऊन बसले की आकडा नेमका सांगता येतो आणि कार्यालयात त्याला वजनही येते. शिक्षकांच्या बाबतीत कायद्याची अनुसूची उपयोगी पडते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठपर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदसाठी तीन, एक्याण्णव ते एकशेवीससाठी चार, असे प्रमाण तिच्यात दिले आहे. याचा अर्थ पट अगदी कमी असला तरी दोन शिक्षकांची मागणी करण्याचा शाळेला आधार आहे, आणि एकशिक्षकी शाळेच्या आराखड्यातील पहिली मागणी हीच असली पाहिजे. त्याच अनुसूचीत प्रत्येक शिक्षकासाठी एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सुरक्षित पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, खेळाचे मैदान, कुंपण आणि ग्रंथालय यांचा उल्लेख आहे. आराखड्यात प्रत्येक मागणीपुढे अनुसूचीचा हवाला लिहावा, म्हणजे ती केवळ इच्छा राहत नाही.

वेळेचे गणित मात्र नीट समजून घ्यावे लागते. राज्याचा समग्र शिक्षेचा वार्षिक आराखडा आणि अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी तयार होते, दिल्लीत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्प मंजुरी मंडळासमोर जाते, आणि तेथे एकेका बाबीला मंजुरी मिळते. जे राज्याच्या आराखड्यात नाही ते मंजूर होत नाही, आणि जे शाळेने कळवलेले नाही ते राज्याच्या आराखड्यात जाण्याची शक्यता फार कमी. म्हणून शाळेचा आराखडा डिसेंबरअखेर भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोहोचलाच पाहिजे. दोन प्रती न्याव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन पोच म्हणून जपून ठेवावी. मंजुरी मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राज्यवार प्रसिद्ध होते. ते लांबलचक आणि इंग्रजीत असते, तरी गोव्याच्या कागदात ग्रंथालय, क्रीडा, दुरुस्ती या ओळी शोधून मंजूर रक्कम पाहण्यासारखी असते. गावात महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी हे काम एका संध्याकाळी करून देते.

छप्पर: एका कामाचा माग

गोव्यातील शाळांचे सर्वांत मोठे दुखणे पावसाळ्यात दिसते. आमच्या शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग भरतो त्या खोलीत पश्चिमेकडच्या भिंतीलगत पाणी गळत होते. आहाराचे रिकामे पातेले खाली ठेवलेले असायचे, आणि ते भरत आले की मुले आपणहून उठून ओतून यायची. सुरुवातीला आम्ही एकच ओळीचा अर्ज दिला: शाळेचे छप्पर गळते, तरी दुरुस्ती करावी. त्याचे काहीच झाले नाही. कारण त्या ओळीत किती गळते, कोठे गळते, कोणाला त्रास होतो आणि काय करायला हवे, यांपैकी काहीही नव्हते, आणि ज्या अर्जावरून अंदाजपत्रक करता येत नाही तो अर्ज कार्यालयातील फायलींत पडून राहतो. नंतर समितीने जो ठराव केला, तो थोड्याफार फरकाने असा होता:

“इयत्ता तिसरी व चौथीचा एकत्र वर्ग ज्या खोलीत भरतो तिच्या पश्चिमेकडील पाख्याचे वासे व रिपा कुजल्या असून सुमारे ४० कौले फुटली आहेत. जोराच्या पावसात १८ मुलांना व्हरांड्यात बसवावे लागते. सदर वासे व रिपा बदलून छपराची दुरुस्ती ३१ मेपूर्वी पूर्ण व्हावी, यासाठी अभियंत्यामार्फत पाहणी करून अंदाजपत्रक तयार करण्याची विनंती भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षण संचालनालयास करावी, असे सर्वानुमते ठरले.”

खाली सूचक, अनुमोदक आणि उपस्थितांच्या सह्या, सोबत जुलैमधील पावसात काढलेली तारखेसह छायाचित्रे. कोरड्या दिवसांत काढलेल्या छायाचित्रात गळती दिसत नाही, म्हणून पावसाळ्यातच ती काढून ठेवावीत. ठरावात तारीख घालण्याचेही कारण आहे. मार्चमध्ये मंजुरी मिळून एप्रिलच्या अखेरीस काम निघाले, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईपर्यंत ते उरकते. त्याहून उशीर झाला की कौले उतरवायचे धाडस कोणताही ठेकेदार करत नाही आणि आणखी एक वर्ष जाते. आमचे काम दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात झाले.

इमारतीच्या कोणत्याही कामाआधी जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जागेचा कब्जेदार दाखवणारा सरकारी कागद, काढावा. गोव्यातील कित्येक शाळा कोमुनिदादीच्या (गावच्या सामायिक जमिनीची जुनी संस्था), देवस्थानाच्या किंवा खाजगी मालकाच्या जागेत उभ्या आहेत, आणि उताऱ्यावरील कब्जेदाराच्या रकान्यात सरकारचे नाव नसेल तर मोठ्या कामाच्या वेळी ना हरकत दाखल्याचा प्रश्न हमखास उभा राहतो. तो प्रश्न काम मंजूर झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. जागामालक गावातलेच असतात. देवस्थानाच्या महाजनांशी किंवा कोमुनिदादीच्या पदाधिकाऱ्यांशी समितीतील ज्येष्ठ पालकांनी समक्ष बोलावे आणि जे ठरेल ते लेखी घ्यावे.

फुटलेली कौले, मोडलेला नळ, सैल झालेली वायरिंग अशी किरकोळ कामे संयुक्त अनुदानातून करता येतात. वासे बदलणे, नवे स्वच्छतागृह, कुंपण अशी कामे त्या रकमेत बसत नाहीत. त्यांचा प्रस्ताव संचालनालयाकडे जातो आणि प्रत्यक्ष काम सार्वजनिक बांधकाम खाते किंवा गोवा राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळ यांच्याकडून होते. कुंपण, पाण्याची टाकी, पेव्हर अशा मधल्या आकाराच्या कामांसाठी ग्रामपंचायतीकडे आणि जिल्हा पंचायत सदस्यांकडे जावे. ग्रामसभा हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. तेथे विषय ऐनवेळी तोंडी मांडण्याऐवजी काही दिवस आधी पंचायत सचिवांकडे लेखी द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेत येतो, आणि सभेला आठदहा पालकांनी तरी हजर राहावे. ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मिळाली की ती प्रत पुढे खासदार निधीच्या मागणीलाही जोडता येते. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या खाणींनी बाधित तालुक्यांतील शाळांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे अवश्य अर्ज करावा. २०१५ च्या कायदादुरुस्तीने स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानांच्या निधीत शिक्षण हा अग्रक्रमाच्या विषयांपैकी एक आहे, आणि ज्या गावांनी वर्षानुवर्षे ट्रकांची लाल धूळ खाल्ली त्या गावांच्या शाळांचा त्या पैशावर पहिला हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

मिळालेला पैसा ३१ मार्चपूर्वी खर्च करणे

पूर्वी अनुदान शाळेच्या बँक खात्यात जमा होऊन पडत असे. २०२१ पासून केंद्रीय साहाय्याच्या योजनांसाठी राज्यस्तरावर एकच नोडल खाते ठेवण्याची पद्धत आली आणि शाळेचे खाते शून्य शिलकीचे झाले. शाळेला आता प्रत्यक्ष रक्कम मिळत नाही, तर खर्चाची मर्यादा मिळते. बिल सादर झाले की त्या मर्यादेतून पुरवठादाराच्या खात्यात पैसे जातात. परिणामी वर्षाअखेरीस न वापरलेली मर्यादा शाळेच्या हातातून निघून जाते. म्हणून मर्यादा किती आली आणि केव्हा आली, हे मुख्याध्यापकांनी बैठकीत सांगावे आणि ते इतिवृत्तात लिहावे, असा आग्रह समितीने धरावा.

खर्चाचा क्रम आधीच ठरलेला असेल तर मार्चची धावपळ होत नाही. काय घ्यायचे याचा ठराव करावा, दोन-तीन दुकानांची दरपत्रके घ्यावीत, वस्तू आल्यावर समितीतील एका पालकाने ती मोजून बिलाच्या मागे सही करावी, आणि वस्तू साठा नोंदवहीत चढवावी. रोजकीर्द, बिलांची फाइल आणि उपयोगिता प्रमाणपत्राची (पैसा ठरलेल्या कामासाठीच वापरल्याच्या दाखल्याची) प्रत या तीन गोष्टी कोणत्याही पालकाने मागितल्यास दाखवता आल्या पाहिजेत. यात शिक्षकांवर अविश्वास नाही. एकदोन शिक्षकांच्या शाळेत शिकवणे, आहार, नोंदी, निवडणुकीची कामे असा सर्व भार त्यांच्यावरच असतो, आणि हिशेबात दुसऱ्याची सही असणे हा त्यांना आधारच वाटतो, असा माझा अनुभव आहे. वर्षभराचा जमाखर्च एका कागदावर लिहून शाळेच्या व्हरांड्यात लावावा. आमच्याकडे तो लावल्यानंतर एका माजी विद्यार्थ्याने तो वाचून पंखे दिले.

अनुदानित शाळांविषयी

खाजगी संस्थेच्या अनुदानित शाळेत सरकार प्रामुख्याने शिक्षक व कर्मचाऱ्यांचे वेतन देते आणि देखभालीसाठी वेगळे अनुदान असते. इमारतीची जबाबदारी संस्थेची. अशा शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचे काम २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्ल्याचे आहे, त्यामुळे तेथे पालक-शिक्षक संघाच्या सभेत हिशेब मागणे हाच मार्ग उरतो. प्राथमिक स्तरावरील अनुदान गोव्यात माध्यमाशी जोडलेले आहे, हेही ठाऊक असावे. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना मराठी व कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, आणि २०११ नंतर इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांनाही ते मिळू लागले, ज्यावरून राज्यात मोठे आंदोलन झाले. त्या वादात येथे शिरत नाही. मराठी माध्यमाच्या शाळेचा पट टिकवायचा असेल तर तिच्या वर्गात पाणी गळता कामा नये आणि तिच्यात शिक्षक पुरेसे असले पाहिजेत, इतके मात्र ठामपणे म्हणते.

अंदाजपत्रक आणि माहितीचा अधिकार

राज्याच्या अंदाजपत्रकाचे कागद जाडजूड असले तरी पालकांच्या कामाची पाने थोडीच असतात. शालेय शिक्षणाच्या मागणीत २२०२ हा सर्वसाधारण शिक्षणाचा महसुली, म्हणजे नित्याच्या खर्चाचा, लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील खर्चाच्या गटाचा क्रमांक) आणि ४२०२ हा इमारतींसारख्या भांडवली खर्चाचा लेखाशीर्ष शोधावा. २२०२ मध्ये प्राथमिक शिक्षणाखाली १०१ हा क्रमांक सरकारी प्राथमिक शाळांचा आणि १०२ हा बिगरसरकारी प्राथमिक शाळांना साहाय्याचा आहे. प्रत्येक ओळीत मागील प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे आकडे असतात. घोषणेचा आकडा आणि प्रत्यक्ष खर्चाचा आकडा यांत अंतर मोठे दिसले, तर ते आपल्या आमदारांच्या नजरेस आणावे. विधानसभेत तारांकित किंवा अतारांकित प्रश्न विचारला गेला की खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि आमदारांनाही गावाकडून नेमकी माहिती मिळाली तरच नेमका प्रश्न विचारता येतो.

पाठवलेल्या प्रस्तावाचे काय झाले, हे तोंडी विचारून कळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. अर्जात का, कशासाठी असे प्रश्न घालू नयेत, कागद मागावेत. अमुक आवक क्रमांकाच्या प्रस्तावावरील टिपणीची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत आणि प्रस्ताव आज कोणाच्या टेबलावर आहे त्याची नोंद, इतके पुरते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आमच्या छपराच्या प्रस्तावाचा कागद याच मार्गाने सापडला. तो एका कार्यालयात जोडपत्र नसल्याच्या शेऱ्यासह चार महिने पडून होता, आणि ते जोडपत्र म्हणजे केवळ एक-चौदाचा उतारा होता.

नमुना नियमांप्रमाणे दर दोन वर्षांनी समिती नव्याने निवडली जाते, तेव्हा जुन्या अध्यक्षांनी पोच घेतलेल्या प्रती, ठरावांची वही, उतारा, छायाचित्रे आणि चालू प्रस्तावांची यादी नव्या अध्यक्षांच्या हाती देऊन त्या यादीवर दोघांनीही सही करावी. आमच्या शाळेत ही फाइल बाईंच्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात असते. तिच्या पहिल्याच पानावर ३० सप्टेंबर, ३१ डिसेंबर आणि ३१ मार्च या तीन तारखा लाल शाईने लिहिलेल्या आहेत, आणि त्यांच्या खाली त्या गवंड्याच्या मुलीचे नाव जनरल रजिस्टरमधील क्रमांकासह आहे.